जेवल्यानंतरचं ताट

"जेवलंस काय गो, चेडवा?"

लेकीला 'चेडवा' म्हणणारा बाबांचा हा आवाज सुगंधाच्या कानात अजून जसाच्या तसा आहे. जरासा बसका, दारातूनच आत येणारा. बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडली त्या सालात ती नुकती शाळेत जायला लागली होती आणि लवू अजून पाळण्यात होता. बाबा मिळेल ते काम करून संध्याकाळी घरी यायचे आणि चपला काढायच्या आधी हा एकच प्रश्न विचारायचे. ती "हो" म्हणाली की त्यांच्या खांद्यावरून कसलंतरी ओझं उतरल्यासारखं दिसायचं. म्हणून "हो" म्हणता येईल एवढं ती नेहमी जेवायची. भूक नसली तरी जेवायची. त्या घरात बापाला खूश करायचं कामच जणू तिच्याकडे होतं, आणि त्यासाठी दोन घास जास्त खावे लागत, एवढंच.

बाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सुगंधाने पन्नाशी गाठली. बोरीवलीला शिंपोलीत दोन खोल्यांचं घर, श्यामसुंदर हा नवरा, मुलगी लग्न होऊन ठाण्याला, आणि स्टेशनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी. अंगाने ती लहानपणापासून भरलेली, ती भरतच गेली. लोकांनी नावं ठेवली, तिने ती हसून मागे टाकली. वजनाचं तिला कधी फार दुःख झालं नाही. पण यंदा लवूच्या लिव्हरने हात टेकले, आणि तिच्या वजनाला एकदम अर्थ आला.

लवू, तिचा धाकटा भाऊ, मालाडला राहतो. दारूला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता. "दारू न पिता लिव्हर घालवणारो मी एकटोच मालवणी," असं तो स्वतःच सांगत सुटायचा. आजार आतल्या आत वाढला आणि डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस उभा राहील. लवूच्या बायकोचा, रुचिराचा, रक्तगट जुळेना. सुगंधाचा जुळला. "मी देते," ती म्हणाली. डॉक्टरांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

मग तिची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या स्वतःच्या लिव्हरवर चरबी साचली होती. "आधी वजन उतरवा," ते म्हणाले. "चरबी कमी झाली तर घेता येईल. नाहीतर आम्ही घेणार नाही. तुमच्या जिवाचाही प्रश्न आहे." दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं.

त्या दिवसापासून घरात ती देवी झाली. रुचिराने हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच तिचे पाय धरले. चुलत्यांनी फोन करून "बहीण असावी तर अशी" म्हटलं. रोज सकाळी चहाच्या वेळेला रुचिराचा फोन यायचा. "ताई, कालच्यापेक्षा काही उतरलं?" विचारणाऱ्या बाईच्या आवाजात इतकी आशा असायची की सुगंधाला वजनकाट्यावर चढताना चप्पलसुद्धा जड वाटायची.

आधी ती फेसबुकवरच्या एका मोठ्या ग्रुपात शिरली. हजारो माणसं. तिथे सगळे आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो टाकायचे. आधीच्या फोटोत माणूस रडवेला आणि अंधारात, नंतरच्या फोटोत गॉगल लावून बागेत. मधला काळ कुणाच्याच फोटोत नसायचा. ग्रुप चालवणारे एक सर होते, ते रोज सकाळी "तुम्ही करू शकता!" म्हणायचे आणि संध्याकाळी डब्यातली पावडर विकायचे. एका दुपारी सुगंधाने तिथे लिहिलं, "आज फार खावंसं वाटतंय, काय करू?" खाली लाल बदामांची रांग लागली. बदाम पुष्कळ आले, माणूस एकही आलं नाही.

मग दवाखान्यात चेतना खंडारे आली, दाढ दुखते म्हणून. मालाडच्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, माहेर अकोल्याकडचं, बोलायला फटकळ. अर्धं तोंड बधिर झालेलं असतानासुद्धा ती गप्प बसली नाही. सुगंधाच्या डब्यातली काकडी बघून म्हणाली, "वजन कमी करताय ना? चेहऱ्यावर दिसतं. आमच्यात या. पण आमच्याकडे फोटो जेवण्याआधीचा चालत नाही."

"म्हणजे?"

"जेवण्याआधीचं ताट सगळ्यांचंच लग्नातलं असतं हो. कोथिंबीर भुरभुरवलेली, लिंबाची फोड कोपऱ्यात. जेवल्यानंतरचं ताट दाखवायचं. त्यात लपवालपवी होत नाही."

ग्रुपचं नाव होतं 'उष्टं ताट'. दहा-बारा बायका. अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत विखुरलेल्या, निम्म्यांनी एकमेकींना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. नियम म्हणावेत असे दोन-तीनच. वजनकाट्याचा फोटो टाकायचा नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि रात्रीचं जेवण झालं की ताट घासायला टाकण्याआधी त्याचा फोटो, जसा असेल तसा.

नावावरून सुरुवातीला एकीने नाक मुरडलं होतं. उष्टं कशाला, दुसरं काही नाव नाही का? चेतनाने तेव्हा लिहिलेलं सुगंधाने मागे जाऊन वाचलं होतं. "माझ्या आजीला गावात लोक उष्टं वाढायचे आणि तिला ते घ्यावं लागायचं. हे माझं स्वतःचं उष्टं आहे. माझ्या पैशाचं, माझ्या ताटातलं. मी ते मान वर करून दाखवते. तुम्हीपण दाखवा." त्याच्यावर कुणी बदाम टाकला नव्हता. खाली नुसते ताटांचे फोटो होते, एकामागून एक.

आणि ती ताटं! सुगंधा रात्री ती बघत बसायची. वरणाचा ओघळ, चटणीचं बोट, भाकरीचा जळका तुकडा बाजूला सारलेला, पोराने अर्धवट टाकलेली पोळी आईने संपवल्याच्या खुणा. वर्सोव्याची द्रौपदी ही तिथली सगळ्यांत मोठी, कोळीवाड्यातली, सुकी मासळी विकणारी. तिला गार्गी नावाच्या मुलीने आणलेलं. गार्गी तिची गिऱ्हाईक, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायची. द्रौपदी लिहायची नाही, बोलून पाठवायची. तिच्या मागे कावळे आणि शेजारणी दोन्ही ओरडत असायचे. "आज मी दोन पापड जास्ती खाल्ले. मना आवरला नाय. उद्या बगू." बस, एवढंच. गार्गी लिहायची, "मावशी, मी तर अख्खी वाट लावली." आणि दोघी हसायच्या.

सुगंधाही ताटं टाकू लागली. ती तिथे खरं तेच टाकायची. वजन उतरायला लागलं. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या, जिना चढताना दम पुरू लागला. फक्त एक गोष्ट तिने ग्रुपात सांगितली नव्हती. "गुडघे दुखतात म्हणून," एवढंच म्हणाली होती. लवूचं नाव घेतलं असतं तर तिथेही ती देवी झाली असती. मग तिच्या ताटाकडे कुणी ताट म्हणून बघितलं नसतं.

दुसरी तपासणी पुढच्या आठवड्यावर आली आणि मग ते झालं.

त्या दिवशी ती दवाखान्यातून दुपारीच परतली. शेजारच्या बाई मालवणहून आल्या होत्या, त्यांनी जत्रेतलं खाजं दारात आणून दिलं होतं. गुळाचं, आल्याचं, कुरकुरीत. सुगंधाने ते डब्यात भरायला घेतलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. भूक नव्हती. चवसुद्धा पहिल्या दोन तुकड्यांनंतर लागेनाशी झाली. तरी हात जात राहिला. पुडा संपत आला तेव्हा तिच्या मनात एक विचार आला, इतका स्पष्ट की जणू कुणी शेजारी बसून सांगितला. चरबी उतरली नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. मला म्हणावं लागणार नाही.

ती तशीच बसून राहिली. बोटांना गूळ चिकटला होता. आपण हे लवूला मारायला खातोय का, असं तिने स्वतःला विचारलं, आणि घाईघाईने उठून हात धुतले.

रात्री बांगड्याची कढी होती. तिने भात वाढून घेतला खरा, पण खालीच बघत राहिली आणि घास न घेताच तो परत पातेल्यात टाकला. श्यामसुंदर जेवून उठला. तो घाटावरचा, साताऱ्याकडचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मासा असा खायचा की जणू परक्याच्या घरी आलाय. "मी मासा खातो म्हणजे तुझ्या माहेरावर उपकार करतो," असं म्हणायचा. त्याचं ताट समोर होतं. सुगंधाने त्याचाच फोटो काढला, ग्रुपात टाकला, आणि फोन उलटा ठेवला.

थोड्या वेळाने द्रौपदीचा आवाज आला.

"सुगंधा, गो बाय, ताट बगला तुजा. पन एक इचारते, राग नको धरू. बांगड्याचा डोका तसाच टाकून उठनारी तू कवापासून झाली? काटेपन धड चोखलेले नाय. मालवनी बाय अशी जेवते काय?" मागे कुणीतरी हसलं. "ता ताट तुजा नाय गो. ता घोवाचा हाय. बाकी काय नाय. जेवली नसशील तर जेव."

खाली गार्गीने हसून डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा टाकला. "मावशी म्हणजे सीआयडी आहे यार!"

दोघींचं बोलणं साधं, रोजच्यासारखं होतं. पण सुगंधाला ते लागलं. एवढे दिवस जिथे ती खरी होती, तिथे आज चोर ठरली होती, आणि तेसुद्धा माशाच्या डोक्याने. तिने ग्रुप उघडला, खाली गेली, आणि बाहेर पडायचं बटण दाबलं.

सकाळी रुचिराचा फोन आला. "ताई, काही उतरलं?" "बघते," सुगंधा म्हणाली. दिवसभर तिने दवाखान्यात लोकांच्या वेळा लिहून घेतल्या, कवळीची ऑर्डर दिली, एका घाबरलेल्या आजोबांना पाणी दिलं. फोनकडे बघितलं नाही. आतून मात्र ती वाट बघत होती, आता चेतना समजूत घालणार, आता सगळ्या मिळून "ताई परत या" म्हणणार. त्याला काय उत्तर द्यायचं तेही तिने जुळवून ठेवलं होतं.

तसं काहीच आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने फोन उघडला तेव्हा तिथे ताटं होती.

चेतनाचं ताट पहिलं. तिने सुगंधाच्या एकटीच्या नंबरवर पाठवलेलं. ताटात साबुदाणा वड्यांचं तेल, शेंगदाण्याची चटणी पुसून खाल्लेली. खाली एक ओळ: "वाढदिवस होता शाळेत. चार खाल्ले. घरी येऊन पाचवा." मग गार्गीचं. ताट नव्हतंच, पिझ्झाचा पुठ्ठा होता आणि कोपऱ्यात चीजची तार. "हेच ताट. काल मी हसले ते चुकलं, ताई." मग आणखी एक, ज्या बाईशी सुगंधा कधी एक शब्द बोलली नव्हती तिचं. मुलाच्या डब्यात उरलेला सगळा पुलाव संपवलेला स्टीलचा डबा. त्या दिवशी तिला आलेल्या फोटोंत एकही शहाणं ताट नव्हतं. कुणी तिला परत बोलावलं नव्हतं. प्रत्येकीने फक्त आपलं उष्टं तिच्यासमोर आणून ठेवलं होतं.

द्रौपदीचा फोटो हलला होता, अर्ध्या भागात तिचा अंगठा आला होता. अंगठ्याच्या पलीकडे काट्यांचा ढीग, इतका स्वच्छ की धुऊन ठेवल्यासारखा. आणि मग तिचा आवाज. या वेळी ती बोलत नव्हती, गुणगुणत होती. मसाला कुटताना बायका गुणगुणतात तसं:

"उष्ट्या ग ताटामंदी काटा राहिला एकला,
बाय माझी रुसली, मी ग घास थांबविला."

मग खोकली आणि म्हणाली, "माजी जीभ तिखट हाय. मासळीच्या धंद्यात गोड जीभ चालत नाय. पन तुज्या ताटाची मना सवय झालीय गो."

सुगंधा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग पुन्हा त्या अंगठ्याकडे बघून हसली. श्यामसुंदर दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. काल रात्री मी तुमचं ताट चोरलं होतं."

"माझं? त्यात होतं काय चोरण्यासारखं?"

"तेच तर. पकडली गेले."

त्याला काही कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी बायको मोकळी हसली म्हणून तोही हसला आणि चहा टाकायला वळला.

तिने चेतनाला लिहिलं, मला परत घे. चेतनाने घेतलं. तिथे सुगंधाने पहिल्यांदाच बोलून पाठवलं. मधे कुकरची शिट्टी झाली, तरी तिने पुसून पुन्हा केलं नाही. लवूचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत हेही सांगितलं. खाजं सांगितलं. खाताना मनात काय आलं होतं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

सुगंधाने मनाची तयारी केली, आता हात जोडलेली चित्रं येणार, आता ती देवी होणार.

चेतनाने लिहिलं, "आणि तुला भीती वाटते का गं?"

दुसरं काही नाही. धन्य नाही, ग्रेट नाही. गेल्या दोन-अडीच महिन्यांत डॉक्टर, चुलते, शेजारी, रुचिरा, कुणी कुणी काय काय विचारलं होतं. किती उतरलं, कधी करणार, किती दिवस सुट्टी घेणार. हा प्रश्न पृथ्वीवर कुणी विचारलाच नव्हता. सुगंधाने उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. मग लिहिलं, "याचं उत्तर आधी दुसऱ्या एका माणसाला द्यायला हवं."

"मग जा ना," चेतना म्हणाली. "आणि जेवून जा."

रविवारी सकाळी ती मालाडला गेली. रुचिराने दार उघडलं आणि नेहमीसारखी वाकायला गेली. सुगंधाने तिचे खांदे धरून तिला सरळ केलं. "आज नको. आज मी नुसती नणंद म्हणून आलेय. चहा दे, बिनसाखरेचा, आणि आम्हाला जरा बसू दे."

लवू खाली सोसायटीच्या आवारात ऊन खात बसला होता, प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर शाल. डोळे पिवळट, हात काटकुळे. पण जीभ शाबूत.

"ये गो ये. माझा लिव्हर इला," तो म्हणाला. "बघू तरी, बारीक झालंस काय खरोखर? पुढच्या आठवड्यात डॉक्टर तपासूक मागतत ना? माझो माल व्यवस्थित ठेय हां."

एरवी ती या विनोदाला हसली असती आणि पाठीत एक धपाटा घातला असता. आज तिने दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. वॉचमन पाइपने झाडांना पाणी घालत होता. ओल्या मातीवर दोन साळुंक्या भांडत होत्या.

"लवू, माका कायतरी सांगूचा आसा. मधे बोलू नको."

त्याने शाल सारखी केली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे तिच्यावर थांबले.

"त्या दिवशी मी खाजं खाल्लंय. अख्खो पुडो. भुकेन नाय. माका वाटला, वजन नाय उतरला तर बरा. डॉक्टर नको म्हणतीत आणि माका म्हणूक लागूचा नाय."

पाइपचं पाणी झाडावरून खुर्च्यांच्या पायांपर्यंत आलं होतं, कुणीही पाय उचलले नाहीत. लवूने हळूच हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. ते मनगट पूर्वीपेक्षा खरोखरच बारीक झालं होतं.

"माका भिया वाटता रे," सुगंधा म्हणाली. "पोट फाडतले, मी उठतलंय की नाय, सगळ्याचा भिया वाटता. पयल्या दिवसापासून वाटता, पण कोणाक सांगूक मिळाला नाय. तरी माका तुका देवचा आसा. कोणी देवी म्हणता म्हणून नाय. तू माका हवो हस म्हणून."